सुंता करून घ्यावी का? नवरा-बायकोने मिळून मांडायचा हिशेब



हे पत्रक एकट्याने वाचून खिशात घालू नका. रात्री जेवणं झाली, पोरं झोपली, की दोघांनी मिळून वाचा. एकाला वाचता येत नसेल तर दुसऱ्याने वाचून दाखवावे. विषय थोडा लाजेचा वाटेल. पण दोघांच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट आहे, तेव्हा लाज थोडा वेळ बाजूला ठेवू या.

कुटुंबनियोजनाच्या शिबिरात नसबंदीची चौकशी करायला आलेला एखादा भाऊ जाता जाता दाराशी थबकतो आणि हळूच विचारतो, "डॉक्टर, सुंता केली म्हणजे एड्स होत नाही म्हणे. खरं का?" कोणी ट्रकवर ऐकलेले असते, कोणी मोबाइलवर पाहिलेले असते. कधी बाईच विचारते, "आमचे मालक महिना महिना गाडीवर असतात. त्यांची करून घेतली तर बरं का?"

हा प्रश्न खुळा नाही. त्यात तथ्य आहे, आणि त्यातले काही आपल्या पुण्यातच प्रथम नजरेस आले. पण गावोगाव जे सांगितले जाते ते अर्धेच असते, आणि उरलेले अर्धे बायकोच्या वाट्याला येते. म्हणून फायदा किती, धोका किती, आणि तो कोणाला, हे नीट तोलून पाहू.

सुंता आणि नसबंदी एक नव्हे

आधी एक घोटाळा दूर करू, कारण शिबिरात तो नेहमी होतो. दोन्ही शस्त्रक्रिया पुरुषाच्या, दोन्ही "तिथल्याच", म्हणून कित्येकजण त्या एकच समजतात.

नसबंदीत बीज वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या बांधतात. लिंगाला हातही लावत नाहीत. बिनटाक्याच्या पद्धतीत तर अंडकोशाच्या कातडीला एक लहानसे छिद्र पाडून काम होते. नसबंदीने पाळणा थांबतो. एच.आय.व्ही. थांबत नाही, कारण हा विषाणू बीजाबरोबरच्या पातळ पाण्यातूनही जातो आणि ते पाणी नसबंदीनंतरही येतच असते. बायकोने टाके घातले, तांबी बसवली, गोळ्या घेतल्या, तरी तेच. मूल राहत नाही, रोग मात्र लागू शकतो.

सुंतेत लिंगाच्या बोंडावरची पुढची सैल कातडी काढून टाकतात. तिने पाळणा थांबत नाही. संबंधाच्या सुखात फरक पडतो का, असेही विचारतात. आफ्रिकेत ज्या हजारो पुरुषांवर ही शस्त्रक्रिया अभ्यासासाठी झाली त्यांना नंतर हेच विचारले गेले, आणि तक्रार करण्याजोगा फरक आढळला नाही.

आपल्याकडे सुंता मुसलमान बांधवांत आणि कोकणातून पुण्या-मुंबईला आलेल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांत धर्माचा संस्कार म्हणून होते. त्या संस्काराबद्दल या पत्रकात काही म्हणणे नाही. येथे प्रश्न फक्त रोगाचा आहे.

पुण्यात काय दिसले?

भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळात मुंबई-पुण्यात हा रोग झपाट्याने पसरत होता. तिथल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून १९९३ ते २००० या काळात गुप्तरोगांच्या तीन दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांवर लक्ष ठेवले. सुरुवातीच्या तपासणीत यांपैकी एकालाही एच.आय.व्ही. नव्हता. पुढे त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली आणि कोणाला लागण होते, कोणाला होत नाही, हे टिपून ठेवले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. सुंता झालेल्या पुरुषांना लागण होण्याचे प्रमाण न झालेल्यांच्या मानाने सातव्या हिश्श्याच्या आसपास भरले.

आता शहाणा माणूस विचारील, की सुंता झालेले पुरुष बहुतेक एका समाजाचे, त्यांची राहणी वेगळी असेल, ते बाहेर कमी जात असतील, त्यामुळे लागण कमी झाली असेल. शंका रास्त आहे. पण त्याच पुरुषांत गरमी, परमा आणि जननेंद्रियावर पुरळ आणणारा हर्पिस हे रोग दोन्ही गटांत सारखेच होते. वागणूक वेगळी असती तर हे रोगही कमी दिसले असते. कमी दिसला तो एकटा एच.आय.व्ही. म्हणजे कारण त्या कातडीतच असले पाहिजे.

ते कारण असे. पुढच्या कातडीची आतली बाजू ओठाच्या आतल्या भागासारखी मऊ, पातळ आणि ओलसर असते. एच.आय.व्ही. ज्या पेशींना चिकटतो त्या पेशी तेथे पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतात. संबंधाच्या वेळी कातडी मागे सरकते, तिला बारीक चिरा पडू शकतात, आणि नंतर ती पुन्हा बोंडावर आली की विषाणू त्या ओलाव्यात अडकून राहतो. कातडी काढली की ही जागाच राहत नाही. मात्र मूत्रमार्गाचे तोंड आणि बाकीचे लिंग राहतेच. तेथून लागण होऊ शकते.

पुण्याच्या अभ्यासात सुंता झालेले पुरुष थोडे होते, म्हणून "सातवा हिस्सा" हा आकडा घट्ट धरून ठेवू नये. खरी परीक्षा पुढे आफ्रिकेत झाली.

आफ्रिकेतली परीक्षा

दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या तीन देशांत एच.आय.व्ही. नसलेले हजारो पुरुष स्वतःहून पुढे आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाची सुंता ताबडतोब, दुसऱ्याची अभ्यास संपल्यावर. चिठ्ठीने वाटणी केल्यामुळे धर्म, राहणी, पैसा हे सगळे दोन्हीकडे सारखे मिसळले. दोन्ही गटांना निरोध दिले, समजावूनही सांगितले.

केनियातील किसुमू गावचे आकडे पाहा. सुंता केलेल्या १,३९१ पुरुषांपैकी २२ जणांना दोन वर्षांत लागण झाली. न केलेल्या १,३९३ पैकी ४७ जणांना झाली. बाकी दोन्ही देशांतही असाच फरक आला. तो इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीपूर्वी थांबवून दुसऱ्या गटालाही शस्त्रक्रिया देऊ केली. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली, की जेथे रोग फार पसरला आहे आणि सुंतेची चाल नाही अशा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील देशांनी हा उपाय हाती घ्यावा. तेथे पुढे कोट्यवधी पुरुषांनी तो घेतला.

"धोका साठ टक्क्यांनी कमी होतो" असे जे ऐकू येते ते या अभ्यासांतले. पण त्याचा अर्थ लोक भलताच लावतात. शंभरातले साठ पुरुष कायमचे सुरक्षित झाले, असे नव्हे. किसुमूचेच पाहा. ४७ च्या जागी २२ झाले. पण ते २२ झालेच ना! त्या बावीस जणांची सुंता झालेली होती. अर्ध्या शेताला कुंपण घातले तर गुरे उरलेल्या बाजूने आत येतात. आज आली नाहीत तर उद्या येतील.

मांजरीतल्या कित्येक घरांतली माणसे लस बनविणाऱ्या कारखान्यांत कामाला जातात, तेव्हा लस म्हणजे काय हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. एच.आय.व्ही.वर अजून लस नाही. सुंतेलाही कोणी लस समजू नये.

तोच उपाय, पण आपल्याकडे?

आता हिशेब आपल्या गावाचा.

किसुमूत हजार पुरुषांमागे दोन वर्षांत साधारण ३४ जणांना लागण होत होती. सुंतेनंतर ती १६ वर आली. म्हणजे हजार शस्त्रक्रियांमागे १८ माणसे वाचली. आणि शस्त्रक्रियेमुळे त्रास किती जणांना झाला? हजारी सुमारे १५ जणांना. कोणाला रक्तस्राव झाला, कोणाची जखम चिघळली. उपचाराने ते लवकर बरे झाले. अठरा जीव वाचतात, पंधरा जणांना थोडे दिवस त्रास होतो. असा सौदा त्या मुलखात कोणीही पत्करील.

आपल्या देशात २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे २४ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत. संख्येने महाराष्ट्र पहिला, जवळजवळ चार लाख. आकडा मोठा वाटतो, आणि आहेच. पण देशाची लोकसंख्या धरली तर प्रौढ माणसांत हे प्रमाण हजारी दोन पडते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील काही देशांत ते शंभरात वीसच्या वर गेले होते. आपल्याकडे त्या वर्षी नव्या लागणी ६३ हजारांच्या घरात झाल्या, म्हणजे साधारण वीस हजार माणसांमागे वर्षाला एक.

म्हणजे मांजरीतल्या हजार पुरुषांची सरसकट सुंता केली, तर दोन वर्षांत त्यामुळे वाचलेला एकसुद्धा माणूस बहुधा सापडणार नाही. शस्त्रक्रियेचा त्रास मात्र तेवढ्याच पंधरा जणांना होईल. रक्त काही आफ्रिकेत कमी आणि मांजरीत जास्त वाहत नाही. उपाय तोच, पण जेथे रोग थोडा तेथे फायदा थोडा आणि धोका तेवढाच. आपल्या देशाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुंतेची मोहीम का नाही, हे यावरून कळेल.

हा हिशेब सरासरीचा आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्याचा बाहेर संबंध येतो, जो वारंवार धोका पत्करतो, त्याच्यापुरता धोका सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त, आणि सुंतेचा फायदाही जास्त. अशा माणसाने सर्जन डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून निर्णय घ्यायला हरकत नाही. पण निरोध सोडून चालणार नाही. "आता मला काय होतंय" म्हणून जो निरोध टाकतो, त्याने शस्त्रक्रियेचा सारा फायदा धुऊन टाकला.

ताई, आता हे तुमच्यासाठी

वर जे सारे सांगितले ते बाईकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीविषयी होते. पुरुषाकडून बाईला होणाऱ्या लागणीचे काय? गावात कोणी हा प्रश्न विचारत नाही. आमच्या मते मुख्य प्रश्न हाच आहे.

युगांडातील राकाई जिल्ह्यात हे तपासले गेले. नवऱ्याला एच.आय.व्ही. आहे, बायकोला नाही, अशी जोडपी घेतली. काही नवऱ्यांची सुंता केली, काहींची केली नाही. दोन वर्षांनी पाहिले. सुंता केलेल्यांच्या ९२ बायकांपैकी १७ जणींना लागण झाली. न केलेल्यांच्या ६७ पैकी ८ जणींना. म्हणजे शंभरी १८ आणि १२. एवढ्या थोड्या जोडप्यांत हा फरक योगायोगाचाही असू शकतो. म्हणून सुंतेने बायकोचा धोका वाढतो असे म्हणता येत नाही. पण ती बायकोला वाचवते असेही कुठे दिसले नाही. २००९ साली हे प्रसिद्ध झाले.

त्यातला एक तपशील प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८ जोडप्यांनी जखम पुरती भरण्याआधीच संबंध सुरू केला. सहा महिन्यांत त्यांतल्या ५ बायकांना लागण झाली. ज्या ६३ जोडप्यांनी वाट पाहिली त्यांच्यात ६ जणींना झाली. ओल्या जखमेतून विषाणू जाणेही सोपे आणि येणेही सोपे. म्हणून कोणत्याही कारणाने सुंता केली असेल तर पुरते सहा आठवडे संबंध नको. वरून जखम बरी दिसली तरी नको.

आपल्या पुण्याचीच आणखी एक हकीगत. १९९३ ते १९९६ या काळात येथल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ज्या स्त्रिया शरीरविक्रय करीत नव्हत्या, अशा ३९१ जणींची तपासणी झाली. बहुतेक विवाहित, घरसंसार करणाऱ्या, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात शंभरी तेरा-चौदा जणींना एच.आय.व्ही. निघाला. या बायका कुठल्या ना कुठल्या तक्रारीसाठी दवाखान्यात आलेल्या होत्या, म्हणून गावातल्या सर्व बायकांना हा आकडा लावू नये. पण रोग त्यांच्याकडे कुठल्या वाटेने आला हे उघड आहे. घराच्या उंबऱ्यातूनच आला.

म्हणून "मालकांची सुंता करून घेऊ का" असे विचारणाऱ्या ताईला आम्ही सांगतो, सुंता झालेली असो वा नसो, त्यावर तुमची सुरक्षितता ठरत नाही. मालकांना आज एच.आय.व्ही. आहे की नाही, हे आधी कळले पाहिजे. ते डोळ्यांनी दिसत नाही. लागण झालेला माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसतो, ऊस तोडतो, गाडी चालवतो, तालमीत जातो. रक्त तपासल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

सुंतेचा बायकोला एक अप्रत्यक्ष लाभ होतो, तोही न लपवता सांगतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो सुंता झालेल्या पुरुषांत आणि त्यांच्या बायकांत कमी आढळला. पण त्यासाठी नवऱ्याची सुंता करणे म्हणजे डास मारायला घर उकरण्यासारखे झाले. मुलींना त्या विषाणूची लस देता येते. ती आता पुण्यातही बनते. आणि तिशीनंतर बाईने गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी.

मग सुंता कोणी करावी?

कातडीचे तोंड आवळलेले आहे, ती मागे सरत नाही, लघवीच्या वेळी फुगा येतो, पुन्हा पुन्हा सूज आणि खाज येते, अशा पुरुषाला डॉक्टर सुंता सांगतात. तेथे ती उपचार म्हणून योग्यच आहे. सरकारी रुग्णालयात होते. (चाळिशीच्या पुढे वारंवार कातडी सुजत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. पुष्कळदा मधुमेहाची पहिली खूण तीच असते आणि माणूस मलमे लावीत बसतो.) लहान मुलाची कातडी मागे जात नाही म्हणून मात्र घाबरू नये आणि ती जोराने ओढू तर मुळीच नये. बहुतेक मुलांची वाढत्या वयात आपोआप सैल होते.

ज्यांच्याकडे संस्कार म्हणून होते त्यांनीही ती डॉक्टरांकडून, जंतू मारलेल्या हत्यारांनी करून घ्यावी. एकच वस्तरा पाच मुलांना लावला, तर एड्स टाळण्याच्या नावाखाली एकाचे रक्त दुसऱ्याला दिल्यासारखे होते. काविळीचे विषाणूही त्याच वाटेने जातात, आणि धनुर्वाताची भीती वेगळी. घरात कोणाचे रक्त लवकर थांबत नसेल, दात काढल्यावर किंवा लहानशा जखमेनेही ते वाहत राहत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

जत्रेत, लॉजवर किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत "एका दिवसात सुंता, एड्सपासून कायमची सुटका" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कायमची सुटका त्याच्याकडे नाही, फक्त पावतीपुस्तक आहे.

मग जोडप्याने काय करावे?

पहिले म्हणजे निरोध. आपल्या देशात तो १९६८ सालापासून मिळतो. पाळणा लांबविण्यासाठी आला होता, पण साधनांमध्ये गर्भ आणि रोग दोन्ही अडवणारा तोच एक आहे. आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, आशाताईंकडेही असतो. नसबंदी किंवा टाके झालेल्या जोडप्याला वाटते, "आता निरोध कशाला?" मूल नको म्हणून लागत नसेल, पण फिरतीवरून आलेल्या माणसाची तपासणी होईपर्यंत तो लागतोच. शिवाय नसबंदीनंतरही पहिले तीन महिने, बीज तपासून डॉक्टर "झाले" म्हणेपर्यंत, निरोध वापरावाच लागतो. ही गोष्ट विसरल्यामुळे "नसबंदी करूनही दिवस गेले" अशा तक्रारी येतात आणि उगाच बायकोवर संशय घेतला जातो.

दुसरे म्हणजे तपासणी. त्याविषयी शेवटी सांगतो. त्याआधी औषधाचे सांगू, कारण औषध आहे हे माहीत नसल्यामुळेच माणसे तपासायला घाबरतात.

एकेकाळी एच.आय.व्ही. म्हणजे मरण असे समजत. आज तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी केंद्रांतून औषध मोफत मिळू लागले. २०१७ पासून तर लागण कळताच, रोग बळावण्याची वाट न पाहता ते सुरू करतात. गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर. ती घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो, नातवंडे पाहतो.

या गोळ्यांनी आणखी एक मोठी गोष्ट साधते, आणि तिचाही पुरावा काही अंशी पुण्याने दिला आहे. नऊ देशांतली १,७६३ जोडपी घेतली होती. जोडप्यातल्या एकाला एच.आय.व्ही., दुसऱ्याला नाही. भारतातून पुणे आणि चेन्नईची जोडपी त्यात होती. निम्म्यांना औषध लगेच सुरू केले, निम्म्यांना त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रकृती उतरल्यावर. २०११ साली मोजणी झाली. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे २८ प्रसंग निघाले. त्यातले २७ उशिरा औषध सुरू झालेल्यांत होते, आणि लगेच औषध घेणाऱ्यांत फक्त एक.

सत्तावीस आणि एक. किसुमूच्या ४७ आणि २२ शेजारी हे आकडे ठेवून पाहा. शिवाय येथे बायकोचेही रक्षण होते, नवऱ्याचेही होते. पुढच्या अभ्यासांतून असे ठरले, की नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबला आणि तसाच दबलेला राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणून जोडप्यापुढे सुंता की औषध असा प्रश्न आला, तर आमचे बोट औषधाकडे राहील.

पोटातल्या बाळाचाही प्रश्न यातच सुटतो. आईला लागण असून उपचार नसेल तर बाळाला ती होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ इतकी असते. आईने वेळेवर औषध घेतले तर ती पाचाच्या खाली येते. म्हणून दिवस राहिल्यावर नाव नोंदवायला जाल तेव्हा रक्ताच्या बाकीच्या तपासण्यांबरोबर हीही तपासणी होते. तिला नाही म्हणू नका. आणि मालक, त्या दिवशी बाहेर टपरीवर चहा पीत बसण्यापेक्षा तुम्हीही आत जाऊन बोटातले रक्त द्या. बाळ दोघांचे आहे.

तपासणीला कुठे जावे?

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. नदीपलीकडच्या मांजरी खुर्दचा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांचा कारभार निराळा. त्यामुळे "आमचा दवाखाना कोणता" असा घोळ होतो. या तपासणीसाठी तो घोळ घालू नका. कोणत्याही सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात कोणालाही जाता येते. ससून रुग्णालयात ते आहे, औषधाचे केंद्रही तेथेच आहे. गावातल्या लोकांनी पाहू नये असे वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. कोणी अडवणार नाही. आपल्या आशाताई किंवा आरोग्य सेविका यांना विचारले तर जवळचे ठिकाण सांगतील.

तपासणी फुकट आहे. आधी समुपदेशक तुमच्याशी बोलतात, मग तुमच्या संमतीने रक्त घेतात. निकाल बाहेर फुटत नाही. त्यासाठी २०१७ चा कायदा आहे, आणि लागण झाली म्हणून कोणाला कामावरून काढण्यासही त्या कायद्याने मनाई केली आहे. एक ध्यानात ठेवा, लागण झाल्यानंतर रक्तात ती दिसायला काही आठवडे जातात. म्हणून परवा धोका झाला आणि आज तपासणी साफ आली तर निर्धास्त होऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि तोपर्यंत निरोध वापरा.

दोघे एकत्र गेलात तर उत्तम. "तुम्ही आधी जा, मग मी" म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. एकटे जावे लागले तरी जा. एकाचा निकाल साफ आला म्हणजे दुसऱ्याचाही साफच असेल, असे समजू नका. एकाला असून दुसऱ्याला नसल्याची जोडपी पुष्कळ असतात. वर सांगितलेली १,७६३ जोडपी तशीच होती.

जाण्याआधी काही विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. नाव सांगण्याची गरज नाही. सुंतेबद्दल विचारा, निरोधाबद्दल विचारा, औषधाबद्दल विचारा. शिबिराच्या दाराशी थबकून हळू आवाजात जे विचारता, ते तेथे मोठ्याने विचारता येते.